जाळी मोठी केली, वारा कुठून आणणार?

सिल्लोडहून जळगावच्या दिशेनं निघालं की गोळेगाव आणि अजिंठा मागे पडतात आणि पठार एकदम संपतं. खाली फर्दापूर, त्यापुढे खानदेश. उतरताना गाडीकडून फक्त ब्रेकची अपेक्षा असते. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते. मे महिन्याची दुपार, हौद्यात जळगावकडची केळी, पारा बेचाळीसच्या पुढे आणि वाऱ्याची झुळूक असलीच तर ती मागून येणारी. अशा वेळी चढणीला लागलेल्या पिकअपच्या बॉनेटखाली कुणी काय जुळवाजुळव करून ठेवली आहे, ते घाट अर्ध्यावर यायच्या आत कळतं. गॅरेजमध्ये इंजिन बसलं, सुरू झालं, गावातून एक चक्करही मारून झाली, एवढ्यानं ते गाडीला ‘लागलं’ असं म्हणता येत नाही.

इंजिन बदलण्याची हौस म्हणा की गरज, आपल्याकडे ती जुनी आहे. १९४७ साली महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. त्या घराण्यातल्या गाड्यांमध्ये पुढे बरीच वर्षं ‘हरिकेन’ हे २.२ लिटरचं, साधारण ७५ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन होतं. गाडी दणकट, पण पेट्रोल प्यायची. तेलाचे भाव चढले तशी गावोगावच्या मिस्त्र्यांनी जीपच्या पोटात डिझेल इंजिनं घालायला सुरुवात केली. मॅटाडोरचं इंजिन त्यांच्या विशेष आवडीचं. बजाज टेम्पो ते मर्सिडीजच्या परवान्यावर बनवत असे, त्यामुळे टिकाऊ, आणि भंगारातही मिळायचं. पुढे महिंद्रांनी स्वतःच प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन गाड्यांना दिलं आणि त्यानंतर २५२३ सीसीचं डायरेक्ट इंजेक्शनवालं आलं. आज मराठवाड्यात कुणी जुन्या महिंद्रा पिकअपचं इंजिन बदलायला काढलं, तर बहुतेक वेळा प्रवास असाच असतो: प्यूजो बाहेर, आणि त्या जागी अपघातात गेलेल्या बोलेरो पिकअपचं टर्बो इंजिन, सुमारे ७० अश्वशक्तीचं. चॅसी खणखणीत, पत्रा जाड, कर्ज फिटलेलं. अशी गाडी मोडीत काढायला मालकाचा जीव होत नाही.

कागदाचं आधी सांगून टाकतो, कारण ते बहुतेकांना शेवटी आठवतं. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलाला मज्जाव करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ रचनेशी फारकत घेणारे बदल चालणार नाहीत, असं बजावलं. म्हणजे इंजिनाला हात लावण्याआधी आरटीओची परवानगी आणि बसवल्यावर नव्या इंजिन क्रमांकाची नोंद. एमएच २० च्या खिडकीवर जे विचारायचं ते टोकन देण्याआधी विचारावं. परवानगी मिळणार नसेल, तर पुढचं सगळं प्रकरण फक्त ज्ञानासाठी वाचायचं.

आता उष्णतेचा हिशेब. एक लिटर डिझेलमध्ये ढोबळमानानं १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. भरलेली पिकअप घाटात पूर्ण जोर लावते, तेव्हा ती तासाला १५ लिटर या गतीनं डिझेल जाळते असं धरू. म्हणजे इंजिनात १५० किलोवॅट ओतले जातात. त्यातले ५० चाकांकडे निघतात. उरलेल्यातला मोठा वाटा सायलेन्सरमधून धूर होऊन जातो, थोडा इंजिनाच्या अंगातून बाहेर पडतो, आणि ३५ किलोवॅटच्या आसपास उष्णता पाण्याच्या गळ्यात पडते. ३५ किलोवॅट म्हणजे घरातले २ किलोवॅटचे १७-१८ गीझर एकाच वेळी चालू. एवढी उष्णता बॉनेटखालच्या दीड फुटाच्या चौकटीतून, न थांबता, बाहेर फेकायची आहे.

ती इंजिनातून रेडिएटरपर्यंत नेण्याचं काम पाण्याचं, आणि पाणी या कामात फार हुशार आहे. रेडिएटरमध्ये वरून शिरलेलं पाणी खाली येईपर्यंत फक्त ८ अंशांनी थंड झालं, तरी ३५ किलोवॅट उचलायला सेकंदाला एक लिटर पाणी फिरलं की भागतं. धडधाकट वॉटर पंपाला हे जड नाही. अडचण पुढच्या टप्प्यात आहे. तीच उष्णता आता हवेला द्यायची, आणि हवा या कामात अगदी कमकुवत. जाळीतून जाताना हवा ३५ अंशांनी तापली असं मानलं, तरी सेकंदाला एक किलो हवा लागते. आपल्या पठारावर, उन्हाळ्यात, एक किलो हवेला जवळपास एक घनमीटर जागा लागते. थोडक्यात, दर सेकंदाला एक मीटर लांब, रुंद आणि उंच असा हवेचा ठोकळा त्या जाळीतून पार व्हायला हवा. बहुतेक फसलेल्या अदलाबदलीत हाच ठोकळा कुठेतरी अडकलेला असतो आणि मालक मात्र पाण्याला, कूलंटला, नाहीतर ‘डिझेल इंजिन तापतंच’ या समजुतीला दोष देत बसतो.

त्या समजुतीचंही जरा बघू. नुसतं उभं राहून चालणारं डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा थंड असतं. हिवाळ्याच्या पहाटे त्याचा काटा वर सरकायला वेळ लागतो तो त्यामुळेच. दुसरं, प्यूजोच्या जुन्या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात पेटायचं आणि ती आग मग सिलिंडरमध्ये यायची. त्या कप्प्याच्या भिंती पाण्याला बरीच उष्णता देत. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात हा कप्पाच नाही, त्यामुळे अश्वशक्तीमागे पाण्यात जाणारी उष्णता उलट कमी होते. मग नव्या इंजिनाला मोठा रेडिएटर कशाला? कारण टर्बोमुळे हे इंजिन खालच्या आरपीएमलाच दाबून ओढतं, आणि ओढतंय म्हटल्यावर मालक चार क्रेट जास्त टाकतो. जुनी गाडी जिथे पहिल्या गिअरमध्ये रांगत होती, तिथे ही दुसऱ्यात चढते. घाटातला वेळ कमी झाला, पण दर मिनिटाला जळणारं डिझेल वाढलं.

रेडिएटर ‘मोठा’ करायचा, तर कोणत्या बाजूनं मोठा, हा खरा प्रश्न आहे. दुकानात विचारलं की उत्तर मिळतं, ‘दोन लाइनचा आहे, तीन लाइनचा टाका, चार टाका.’ लाइन म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या नळ्यांची रांग. पहिल्या रांगेला ताजी हवा मिळते. दुसरीला पहिलीनं तापवलेली. चौथीपर्यंत पोचते तोवर ती हवा बऱ्यापैकी कढत झालेली असते. शिवाय जाळी जाड झाली की हवेला आत शिरणंच जड जातं. दोनाच्या तीन लाइन केल्यानं उष्णता फेकण्याची ताकद दीडपट होत नाही, बरीच कमी वाढते. आणि पंखा जुना व अशक्त असेल तर वाढ जाणवतसुद्धा नाही. समोरचं क्षेत्रफळ वाढवणं मात्र जवळजवळ सरळ हिशेबात फळतं. १६ बाय १८ इंचांची जाळी काढून १८ बाय २१ ची बसवली, तर क्षेत्रफळ ३१ टक्क्यांनी वाढतं. आणि तो एक घनमीटरचा ठोकळा पार करायला लहान जाळीत हवेचा वेग ताशी १९ किलोमीटर लागत होता, तो मोठ्या जाळीत १५ वर येतो. घाटात गाडीच ताशी वीसनं चाललेली असते. वर पुढच्या ग्रिलची, बंपरची आणि मालकानं हौसेनं लावलेल्या क्रोमच्या पाइपांची आडकाठी आहेच. तेव्हा हे चार किलोमीटर फार मोलाचे.

हवेला जास्तीत जास्त धातू चाटू द्यायचा, ही युक्ती सव्वाशे वर्षांची आहे. अगदी सुरुवातीच्या मोटारी पाणी नुसतं उकळवून वाफेवर घालवत; १८८८ मध्ये बर्था बेंझ मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्त्सहाइमला गेली, ती वाटेत ठिकठिकाणी पाणी भरत. नंतर विल्हेल्म मायबाखनं १९०१ च्या मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला: सहा मिलिमीटरच्या चौकोनी अशा ८,०७० नळ्या एकत्र जोडलेल्या, मागे पंखा. त्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीला नऊ लिटर पाणी पुरू लागलं, आधीच्या निम्मं. पाणी वाढवून उष्णता जात नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. तरीही आजसुद्धा ‘एवढ्या रेडिएटरमध्ये पाणी किती बसतं?’ हाच प्रश्न आधी विचारला जातो. जास्त पाणी असलं तर उकळायला दोन-चार मिनिटं उशीर लागतो, इतकंच.

माझं मत विचाराल, तर नव्या इंजिनाबरोबर त्याच गाडीचा रेडिएटर, त्याच्या मागचं श्राऊड (पंख्याभोवतीचं कवच) आणि पंखा हा तिघांचा संच एकदमच उचलावा. कंपनीनं तो त्या इंजिनासाठी मोजूनमापून केलेला असतो. पुढची पट्टी थोडी कापावी लागली तर कापावी. अडचण एकच: नव्या रेडिएटरांची जाळी अॅल्युमिनियमची आणि टाक्या प्लास्टिकच्या, कडा दुमडून बसवलेल्या. त्या फुटल्या तर सिल्लोडच्या बाजारात सोल्डर मारून भागत नाही, सरळ बदलावं लागतं.

जुन्या पितळ-तांब्याच्या रेडिएटरचं सुख इथेच आहे. रेडिएटरवाल्याकडे थोडा वेळ थांबून बघण्यासारखं असतं. तो आधी खालचं-वरचं तोंड रबरी बुचांनी बंद करतो, एका नळीनं आत हवा सोडतो आणि अख्खा रेडिएटर हौदात बुडवतो. जिथून बुडबुड्यांची माळ उठते, तिथे खूण करतो. मग ती जागा वायर ब्रशनं चमकेपर्यंत घासणं, जस्त घालून शांत केलेल्या अॅसिडचा हात फिरवणं, आणि ज्योत. सोल्डर २०० अंशांच्या आसपास वितळतं, पितळ ९०० च्या पुढे. या अंतरावरच हा सगळा धंदा उभा आहे. पण ज्योत जराशी लांबली की शेजारचे चांगले सांधे सुटतात, म्हणून हुशार कारागीर शेजारी ओलं फडकं गुंडाळून ठेवतो. नळ्या आतून तुंबल्या असतील, तर तो वरची टाकी उचकटून प्रत्येक नळीत चपटी सळई घालतो. त्या सळईबरोबर जी पांढरी-तांबूस पूड बाहेर पडते, ती बोअरच्या पाण्याची कमाई. मराठवाड्यातल्या खडकातलं पाणी क्षारांनी जड असतं. ते गरम झालं की क्षार भिंतीवर चिकटतात. तांब्यातून उष्णता जितक्या सहज वाहते, त्याच्या शेकडो पटींनी कमी ती या क्षारातून वाहते, त्यामुळे नळीच्या आत कागदाएवढा थर बसला तरी फरक पडतो. मोठा रेडिएटर घालून त्यात शेतातल्या बोअरचं पाणी भरणं म्हणजे त्याला दर महिन्याला थोडं थोडं लहान करत जाणं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांचं मिश्रण इथे गोठण्यापासून वाचायला नको असतं, पण गंजापासून आणि या थरापासून वाचायला हवंच. मात्र कूलंट जास्त म्हणजे थंडावा जास्त, असं नाही. नुसतं पाणी उष्णता वाहून नेण्यात कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरसच असतं; म्हणून डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पुढे जायचं कारण नाही.

पाण्याच्या बाजूला आणखी तीन-चार बारकावे आहेत. पहिला, टोपण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. ०.९ चं टोपण असलं की पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. नव्या इंजिनाला जुन्या गाडीचं कमी दाबाचं टोपण लावलं, तर रेडिएटर कितीही मोठा असो, पाणी फेकणारच. उलट, जुन्या झालेल्या पितळी टाकीवर जास्त दाबाचं टोपण चढवलं तर सांधे उसवतात. दुसरा, उंची. नवं इंजिन जर उंच बसलं आणि त्याचं थर्मोस्टॅटचं घर रेडिएटरच्या वरच्या टाकीपेक्षा वर गेलं, तर हवा इंजिनाच्या डोक्यात अडकते. काटा शांत, पण हेडचा एक कोपरा कोरडा भाजत असतो. अशा वेळी सगळ्यात उंच जागी वेगळी छोटी टाकी बसवून टोपण तिच्यावर न्यावं, आणि पाणी भरताना गाडीचं नाक चढावर ठेवावं. तिसरा, खालचा होज पाइप. पंप तिथून पाणी ओढतो, त्यामुळे मऊ पाइप आत चिपकतो. त्यात स्प्रिंग हवी. आणि थर्मोस्टॅट. ‘काढून टाका, कटकट जाईल’ हा सल्ला आपल्याकडे फुकट मिळतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतं, आणि कटकट जाण्याऐवजी वाढते.

पण मी हवेकडे परत येतो, कारण घाटातली गाडी बहुतेक वेळा तिथेच हरते. इंजिन बदललं की पंख्याचा मध्य बदलतो. तो आता जाळीच्या मधोमध नसतो, एका बाजूला किंवा खाली सरकलेला असतो. इंजिन लांब असलं तर पंखा जाळीला टेकायला येतो, म्हणून पाती छाटली जातात किंवा पंखाच काढून पुढे बिजलीचा पंखा लावला जातो. बिजलीचा चांगला पंखा २० ते २५ अँपिअर ओढतो. जुन्या अल्टरनेटरला रात्री हेडलाइटसकट तो झेपत नाही. शक्य असेल तिथे इंजिनाचाच पंखा ठेवावा आणि त्याला श्राऊड द्यावं. श्राऊड म्हणजे जाळीच्या कडांपासून पंख्याभोवती आणलेलं पत्र्याचं कवच. ते नसेल तर पंखा फक्त आपल्या गोलासमोरची हवा ओढतो, चारही कोपरे उपाशी राहतात, आणि कडेनं मागची गरम हवा वळून पुन्हा पुढे येते. पाती श्राऊडच्या तोंडात निम्मी आत, निम्मी बाहेर असावीत आणि पात्याच्या टोकाभोवती साधारण इंचभर मोकळीक. चॅसी पिळते तेव्हा ती लागते. रेडिएटर रबरावर बसवावा तोही याच पिळण्यासाठी. कच्च्या रस्त्यावर चॅसीचा प्रत्येक झटका नळ्या आणि टाकीच्या सांध्यात जातो. रेडिएटरच्या बाजूला आणि वर, पुढच्या पत्र्यात ज्या फटी राहतात, त्या रबरानं बुजवाव्यात. हवा आळशी असते. जाळीतून घुसण्यापेक्षा फटीतून निसटणं तिला सोपं.

एक उलटी गोष्टही घडते. बिजलीच्या पंख्याच्या तारा उलट्या जोडल्या, तर तो हवा पुढे ढकलू लागतो. गाडी उभी असताना हे कळत नाही. चालू लागली की समोरचा वारा आणि पंखा एकमेकांशी भांडतात आणि जाळीत हवा जवळजवळ थांबते. चालू पंख्यासमोर एक हलका कागद जाळीवर ठेवला की कळतं: तो चिकटला पाहिजे, उडाला नाही पाहिजे.

कापसाच्या हंगामात सिल्लोड-भोकरदनच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांमधून उडालेला कापूस काट्याकुट्यांना लटकलेला दिसतो. तोच जाळीतही जातो. मक्याची फोलकटं आणि धूळ त्यावर बसली की दाट पट्ट्यांच्या जाळीवर वाकळ पांघरल्यासारखं होतं. त्यामुळे इथल्या गाडीला इंचाला अतिदाट पट्ट्या असलेला महागडा कोअर घेण्यापेक्षा थोडा विरळ, पण समोरून मोठा कोअर बरा. धुतानाही पाणी मागून पुढे मारावं, तेही हलक्या दाबानं. वॉशिंग सेंटरचा फवारा तांब्याच्या पट्ट्या आडव्या पाडतो.

जानेवारीत केलेलं काम मेपर्यंत पास होतं, यामागेही साधा हिशेब आहे. पाणी ९५ अंशांवर आणि बाहेर २५ असेल, तर उष्णता ढकलायला ७० अंशांचा फरक हातात असतो. बाहेर ४२ झाले की तो ५३ उरतो. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात हिवाळ्याच्या तीन-चतुर्थांश एवढंच काम करतो. गॅरेजवाल्यानं ‘संक्रांतीला तर मस्त चालत होती’ म्हणणं खरंच असतं.

म्हणून परीक्षा मेच्या दुपारी, भरलेल्या गाडीनिशी आणि काट्यावर डोळा ठेवून घ्यावी. काटा कसा वागतो त्यावरून रोग कळतो. गावात, सिग्नलला, घाटात मंद चालताना चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाला खाली येतो, तर दुखणं हवेचं: पंखा, श्राऊड किंवा घसरणारा बेल्ट. उलट गावात शांत आणि फुलंब्रीच्या सपाट रस्त्यावर लांब पळवल्यावर चढतो, तर पाण्याचा प्रवाह कमी, नाहीतर जाळीच लहान किंवा तुंबलेली. दोन्हीकडे चढतो आणि सकाळी थंड इंजिनावर टोपण काढून गाडी सुरू केल्यावर तोंडाशी एकसारखे बुडबुडे येत राहतात, तर ती सिलिंडरमधली हवा पाण्यात घुसते आहे. हेड गॅसकेट गेलेलं आहे, आणि त्यावर सहा लाइनचा रेडिएटरही उपाय नाही. हेड उतरवावंच लागेल.